यंत्रं आली, वेळ कुठे गेला?

बेट्टी फ्रीडन यांचं 'द फेमिनिन मिस्टिक' हे पुस्तक १९६३ साली अमेरिकेत निघालं. स्त्रियांच्या प्रश्नांवर कुणी बोलायला उभं राहिलं की आपल्याकडेही त्याचं नाव हमखास येतं. पण ज्या पुस्तकाचं नाव फार घेतलं जातं, ते तितकं वाचलं जातंच असं नाही. मी हे नाव ऐकलं बी.ए.च्या वर्गात. प्रत्यक्ष वाचलं ते मुलं मार्गी लागल्यावर, दुपारच्या वेळात, शब्दकोश शेजारी ठेवून. नावाचा अर्थ मराठीत सांगायचा तर 'स्त्रीपणाभोवती उभं केलेलं गूढ वलय' असा काहीसा सांगता येईल.

आमच्या बेळगावच्या मंडळात मी या पुस्तकाविषयी बोलले, तेव्हा एकीनं सरळच विचारलं, "अमेरिकेतल्या श्रीमंत बायकांची दुखणी आपण कशाला वाचायची?" प्रश्न रास्त आहे. पण ज्या घराचं चित्र आज आपल्याला टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसतं, चकचकीत ओटा, हसरी गृहिणी, भरलेला फ्रीज, ते चित्र आज रूढ आहे त्या रूपात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरावीस वर्षांत अमेरिकेत पक्कं झालं. ते कुणी केलं, कशासाठी केलं आणि त्यात राहणाऱ्या बाईचं काय झालं, हे या पुस्तकात आहे. म्हणून वाचायचं. आणि डोळे उघडे ठेवून वाचायचं, कारण माझ्या मते फ्रीडनबाईंनी चोर नेमका ओळखला आणि शेवटी मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

आधी त्या काळाकडे बघू. महायुद्धात युरोप आणि जपानची शहरं जमीनदोस्त झाली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे कारखाने शाबूत राहिले, आणि युद्धाच्या मागणीमुळे ते अहोरात्र चालले होते. लोकांच्या हातात पगाराचा पैसा होता, पण रेशनिंगमुळे खर्चायला जागा नव्हती. युद्ध संपलं आणि तो साठलेला पैसा बाहेर आला. देशाचं वार्षिक उत्पन्न १९४० ते १९६० या काळात दुपटीहून अधिक झालं. १९४४ साली रूझवेल्ट यांनी सही केलेल्या 'जी. आय. बिल' या कायद्यानं परत आलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च आणि घरासाठी सरकारच्या हमीचं कर्ज मिळालं. सुमारे २२ लाख माजी सैनिक त्या पैशावर कॉलेजात गेले. ज्या घरात पूर्वी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, तिथली मुलं इंजिनिअर झाली. ही गोष्ट लहान नाही. त्या भरभराटीची टिंगल करणारी पुस्तकं पुष्कळ आहेत, पण मंदीच्या दहा वर्षांत आणि मग युद्धात होरपळलेल्या माणसांना स्वतःचं घर मिळालं, याचा आनंद खोटा म्हणता येणार नाही.

घरं कशी मिळाली तेही पाहण्यासारखं आहे. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर विल्यम लेव्हिट या बांधकाम व्यावसायिकानं १९४७ साली बटाट्याच्या शेतांवर वसाहत उभी करायला घेतली. कारखान्यात मोटार पुढे सरकत जाते आणि कामगार जागेवर असतात. लेव्हिटनं हेच उलटं केलं. घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकत जाणाऱ्या. एक टोळी फक्त पाया घालणार, दुसरी फक्त रंग देणार. घर बांधण्याची अशी २७ कामांत वाटणी केली होती. काम ऐन भरात असताना दिवसाला ३० घरं उभी राहत. १९५१ पर्यंत १७,००० हून अधिक घरं झाली. १९४९ साली त्या घराची किंमत होती ७,९९० डॉलर, आणि त्यात कपडे धुण्याचं यंत्र बसवूनच मिळे. पुढच्या वर्षीच्या घरात तर जिन्याखाली टीव्हीही बसवलेला होता.

लेव्हिटटाऊनचा एक नियम मी मंडळात सांगितला तेव्हा सगळ्या हसल्या. शनिवार-रविवारी घराबाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत! वसाहत नीटनेटकी दिसली पाहिजे ना. म्हणजे कपडे धुवायला यंत्र दिलं, पण धुतलेले कपडे कुणाला दिसता कामा नयेत. बाईचं काम घरातून नाहीसं झालं नव्हतं, फक्त नजरेआड केलं होतं. हा एक नियम मनात ठेवला तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

आता फ्रीडनबाईंकडे येते. त्या १९४२ साली स्मिथ कॉलेजातून पदवीधर झाल्या. लग्न झालं, तीन मुलं झाली, आणि स्त्रियांच्या मासिकांतून त्या लेख लिहू लागल्या. १९५७ साली, पदवीला पंधरा वर्षं झाल्यावर, त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींना एक प्रश्नावली पाठवली. सुमारे २०० जणींची उत्तरं आली. घर आहे, नवरा चांगला आहे, मुलं गुणी आहेत, आणि तरी आत काहीतरी रितं आहे, असं पुष्कळ जणींच्या उत्तरांतून दिसलं. ते काय, हे सांगायला शब्द नव्हता. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचं नावच 'ज्याला नाव नाही असा प्रश्न' या अर्थाचं आहे. त्यावरचा लेख स्त्रियांच्या मासिकांनी नाकारला, म्हणून त्याचं पुस्तक झालं, आणि पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या.

पुस्तकात आकडेही आहेत. कॉलेजात जाणाऱ्यांत मुलींचं प्रमाण १९२० साली शंभरात ४७ होतं, ते १९५८ साली ३५ वर आलं. मुलींच्या लग्नाचं सरासरी वय विसाव्या वर्षाशी येऊन ठेपलं आणि आणखी खाली घसरत होतं. देश पुढे जात होता आणि त्याच देशातली मुलगी लग्नासाठी कॉलेज सोडत होती. आपण समजतो, श्रीमंती आली की बाईचं शिक्षण आपोआप वाढतं. ते आपोआप वाढत नाही, हे या आकड्यांनी मला शिकवलं.

पहिल्या प्रकरणाचं सगळे कौतुक करतात. माझ्या मते पुस्तकाचा कणा पुढे आहे, बाजाराविषयीच्या नवव्या प्रकरणात. फ्रीडनबाई तिथे एका सल्लागाराच्या कार्यालयात जातात. बायकांच्या मनात काय आहे ते शोधून कंपन्यांना सांगायचं, हा त्याचा धंदा. तिथले अहवाल त्यांना वाचायला मिळाले. १९४५ सालच्या एका पाहणीत ४,५०० मध्यमवर्गीय विवाहित स्त्रियांची तीन गटांत वाटणी केली होती. पहिली पक्की गृहिणी. ती घरकामाची राणी, तिला यंत्राचा संशय. आपली जागा यंत्र घेईल की काय अशी तिला धास्ती. दुसरी नोकरीची हौस असलेली. ती कंपन्यांना नकोच, कारण ती चिकित्सक, जाहिरातीला भुलत नाही. तिसरी मधली. तिला बाहेरचं जग थोडं माहीत आहे, पण मन घरात आहे. ती यंत्र घेते, तयार पीठ घेते, आणि तरी "यात माझं कौशल्य आहे" असं तिला वाटायला हवं असतं. कंपन्यांना सल्ला असा की या तिसरीची संख्या वाढेल असं बघा.

तयार केकच्या पिठाचं उदाहरण वाचून तर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसूनच राहिले. नुसतं पाणी घालून केक झाला तर बाईला अपराधी वाटतं, काहीच केलं नाही असं वाटतं. तेव्हा तिला वाटू द्या की हे पीठ म्हणजे फक्त पाया, खरी निर्मिती तुझीच. म्हणजे तिच्या मनातली काहीतरी घडवण्याची खरीखुरी ओढ त्यांनी बरोबर ओळखली, आणि तिलाच पुडक्यात घालून तिला परत विकली. कशिदा काढणाऱ्या, रांगोळी घालणाऱ्या, लोणच्याच्या फोडी एकसारख्या कापणाऱ्या आपण बायका. ही ओढ काय असते ते आपल्याला कुणी सांगायला नको.

इथेच फ्रीडनबाईंनी चोर पकडला. कारखान्यांतून इतका माल निघत होता की तो कुणीतरी घेत राहणं भाग होतं, आणि घरासाठी वस्तू घेणारी मुख्य व्यक्ती गृहिणी होती. ती घरात असणं, थोडी असमाधानी असणं आणि ते असमाधान दुकानात जाऊन भागवणं, हे त्या भरभराटीला सोयीचं होतं. त्याच सुमाराला व्हान्स पॅकार्ड या लेखकानं १९५७ साली जाहिरातदारांच्या छुप्या युक्त्यांवर आणि १९६० साली मुद्दाम लवकर जुन्या होणाऱ्या वस्तूंवर पुस्तकं लिहिली. पण पॅकार्डच्या पुस्तकांत गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. ते गिऱ्हाईक बाई का आहे आणि तिला बाईच का ठेवायचं, हा पुढचा प्रश्न फ्रीडनबाईंनी विचारला. मोठं श्रेय त्यांचंच.

आणि हे घर नुसतं बाजाराचंही राहिलं नव्हतं. जुलै १९५९ मध्ये मॉस्कोत अमेरिकन वस्तूंचं प्रदर्शन भरलं. तिथल्या नमुन्याच्या स्वयंपाकघरासमोर उभं राहून अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची खडाजंगी झाली. आमची यंत्रं गृहिणीचं जिणं सोपं करतात, हा निक्सन यांचा मुद्दा. बायकांकडे असं बघणं तुमच्या भांडवलशाहीतलं, आमच्यात नाही, हे ख्रुश्चेव्ह यांचं उत्तर. अणुबाँबवाल्या दोन देशांचे पुरुष बाईच्या ओट्यापुढे उभे राहून वाद घालतात! त्या ओट्यापाशी काम करणाऱ्या बाईला, मग ती इकडची असो की तिकडची, कुणी विचारलं नाही की बाई गं, तुझा वेळ वाचला का?

हा प्रश्न पुढे एका अभ्यासिकेनं विचारला. जोअॅन व्हेनेक यांनी १९७४ साली जुन्या-नव्या पाहण्या ताडून पाहिल्या. नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी १९२४ साली आठवड्याला ५२ तास घरकाम करत होती. वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर, फ्रीज, तयार अन्न, सगळं येऊन १९६० च्या दशकात ते तास झाले ५५. हा आकडा मी दोनदा वाचला. मग माझ्याच घराकडे बघितलं. सासूबाईंच्या काळी पाट्यावर एक चटणी वाटली जाई, मिक्सर आल्यावर पानात तीन चटण्या लागायला लागल्या. मशीन आलं तसं एकदा अंगाला लावलेला टॉवेल धुवायला पडू लागला. यंत्रानं काम कमी केलं हे खरं, पण आपण, आणि आपल्या माणसांनी, कामाचं मापच वाढवून ठेवलं.

फ्रीडनबाईंनाही हे दिसलं होतं. एका प्रकरणात त्या म्हणतात की जेवढा वेळ हाताशी असेल तेवढं घरकाम फुगतं. पण त्यांच्या लिहिण्याचा सूर असा की बाई रिकामी आहे, म्हणून कामं काढत बसते. इथून मी त्यांच्याशी भांडते. १९८३ साली रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी घरकामाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं की यंत्र आलं तेव्हा घरातल्या बाकीच्यांचा हात कामातून सुटला. पूर्वी लाकडं फोडणं, पाणी आणणं, सतरंज्या झटकणं यात पुरुष आणि मुलं असत. धोबी होता, घरी येणारे फेरीवाले होते, घरी येणारा डॉक्टर होता. ते सगळे गेले, आणि गावाबाहेरच्या वसाहतीत दुकान, शाळा, दवाखाना सगळं लांब झालं. मग तिच्या हातात मोटारीचं चाक आलं. मुलांना सोड, मुलांना आण, सामान आण. १९५६ च्या कायद्यानं ४१,००० मैलांच्या महामार्गांचं काम निघालं, त्याच वर्षी मिनेसोटात साऊथडेल हे छपराखालचं, सगळीकडून बंद असं पहिलं मोठं खरेदीकेंद्र उघडलं. अंतरं वाढवणारी व्यवस्था वेगळ्यांनी उभी केली, ती अंतरं कापली बाईनं. "तिला वेळ घालवायचा होता" असं म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

दुसरं भांडण यापेक्षा मोठं आहे. फ्रीडनबाईंची बाई कोण? कॉलेज शिकलेली, गोरी, चांगल्या पगाराच्या माणसाची बायको. पण १९६० साली अमेरिकेत दर तीन विवाहित स्त्रियांमागे जवळजवळ एक नोकरी करत होती. टायपिस्ट, विक्रेती, परिचारिका, शिक्षिका. वसाहतीतल्या घराचे हप्ते आणि मोटारीचे हप्ते कित्येक घरांत तिच्या पगारातूनही जात होते. या बाईचा उल्लेख पुस्तकात येतो, पण नुसता ओझरता. आणि कृष्णवर्णीय बाई तर जवळपास दिसतच नाही. लेव्हिटटाऊनच्या सुरुवातीच्या करारात एक कलम होतं. या घरात गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहू नये; मात्र घरकामाला दुसऱ्या वंशाचे नोकर ठेवायला हरकत नाही. हे वाचताना अंगावर काटा आला. राहायचं नाही, पण भांडी घासायला यायचं. असा न्याय परका नाही हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना मागची दारं उगाच नव्हती.

सैनिकांचं कर्जही सगळ्यांना सारखं नव्हतं. मिसिसिपी राज्यातल्या १३ शहरांची पाहणी झाली, त्यात १९४७ सालच्या ३,२२९ हमीच्या कर्जांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली होती फक्त २. पेनसिल्व्हानियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये १९५७ साली विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं लहान मुलांना घेऊन राहायला आलं, तेव्हा कित्येक दिवस घरासमोर जमाव जमत होता, दगड पडत होते. डेझीबाईसुद्धा गृहिणीच होत्या. त्यांनाही तेच घर, तोच ओटा, तेच अंगण हवं होतं. ज्या घरात फ्रीडनबाईंच्या मैत्रिणींचा जीव गुदमरत होता, त्या घराच्या उंबऱ्यासाठी दुसरी बाई दगड झेलत होती. या दोघींना एका पुस्तकात आणल्याशिवाय त्या काळाची गोष्ट पुरी होत नाही.

१९५० साली नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी पाचात दोघी दुसऱ्याच्या घरी घरकाम करत होत्या. किमान वेतनाचा कायदा १९३८ साली झाला, पण घरकामगार बायका त्याच्या कक्षेत आल्या १९७४ साली. माँटगोमेरी शहरात १९५५-५६ साली ३८१ दिवस बसवर बहिष्कार पडला, तेव्हा रोज मैलोन्‌मैल पायी चालत गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्यांत याच बायका पुष्कळ होत्या. पंख असलेल्या लांबलचक मोटारींचं दशक म्हणून ते दशक फोटोत दिसतं. त्याच रस्त्याच्या कडेनं या चालत होत्या.

आता फ्रीडनबाईंचा उपाय. शेवटच्या प्रकरणात त्या म्हणतात, बाईनं घरकाम हेच आयुष्य मानू नये, शिक्षण पुरं करावं, तिच्या बुद्धीला साजेसं काम धरावं. सैनिकांना मिळाली तशी शिक्षणाची मोठी योजना सरकारनं गृहिणींसाठी काढावी. सल्ला चांगला आहे, मी माझ्या मुलीला तोच दिला. पण पुस्तकाचा तोल इथे जातो. नऊ प्रकरणांत दाखवलं काय, तर बाजार, मासिकं, मानसशास्त्रज्ञ, कॉलेजं सगळ्यांनी मिळून बाईला घरात बसवली. आणि सुधारायचं कुणी? बाईनं! तिनं उठावं, तिनं शिकावं, तिनं धीर धरावा. घरकामाचं मग काय? ते कोण करणार? नवऱ्यानं निम्मं करावं असा आग्रह पुस्तकात मध्यवर्ती होत नाही, आणि कामाला बाई ठेवली तर त्या बाईच्या घरचं कोण बघणार हा प्रश्न निघतच नाही. बेल हुक्स या कृष्णवर्णीय लेखिकेनं १९८४ साली नेमका हाच सवाल केला.

खरं तर उत्तर त्यांच्याच देशात, त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. युद्धात लाखो बायका कारखान्यांत लागल्या तेव्हा सरकारी पैशातून पाळणाघरं निघाली होती. म्हणजे गरज पडली तेव्हा मुलं सांभाळणं ही सगळ्यांची जबाबदारी झाली. १९४६ साली केंद्र सरकारचा पैसा थांबला, बहुतेक पाळणाघरं बंद पडली, आणि तीच जबाबदारी पुन्हा आईच्या मायेचा प्रश्न झाली. मानसशास्त्राची पुस्तकं नंतर आली, आधी पैसा थांबला. हा धागा फ्रीडनबाईंनी धरून ठेवला असता तर पुस्तक वेगळंच झालं असतं.

आणखी एक खटकलेली गोष्ट सांगून टाकते. एका प्रकरणात त्या वसाहतीतल्या सुखवस्तू घराला नाझींच्या छळछावणीची उपमा देतात. दुःख मोठं सांगायला दुसऱ्याचं त्याहून मोठं दुःख उसनं घ्यायचं नसतं. पुढे त्यांनाही ती तुलना पटेनाशी झाली.

अर्थशास्त्रज्ञ गालब्रेथ यांचं नाव इथे घ्यायला हवं. पुढे १९६१ ते १९६३ ते दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. 'द अफ्लुएंट सोसायटी' या १९५८ च्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की खाजगी घरं भरत चालली आणि सार्वजनिक शाळा, बागा, रस्त्यांची स्वच्छता मागे पडली. त्या पुस्तकात गृहिणी वेगळी दिसत नाही. पण १९७३ च्या पुस्तकात त्यांनी सरळ लिहिलं की वाढत्या वस्तूंची देखभाल, साफसफाई, व्यवस्था कुणीतरी करावी लागते, आणि त्यासाठी गृहिणीला छुपी चाकर करून टाकलं गेलं. फ्रीडनबाईंच्या नवव्या प्रकरणानंतर जे दहावं यायला हवं होतं, ते हे होतं.

मला हे वाचताना आपलं परिग्रह-परिमाण आठवलं. श्रावकानं कशाकशाला मर्यादा घालायची त्याची यादी आपण लहानपणापासून ऐकतो: शेत, घर, सोनं-चांदी, धन, धान्य, दासी-दास, वस्त्रं-भांडी. स्वाध्यायात आपण ही यादी म्हणतो आणि बहुतेक वेळा सोन्याच्या तोळ्यांपाशी थांबतो. त्यात दासी-दास आहेत, म्हणजे दुसऱ्याचे राबणारे हातही आपल्या संग्रहातच धरले आहेत, याकडे माझं लक्ष या परदेशी पुस्तकांनी वेधलं. प्रत्येक वस्तू आपल्याबरोबर पुसणं, झाकणं, दुरुस्त करणं, ठेवायला जागा शोधणं घेऊन येते. वस्तूची मर्यादा पुरुषानं ठरवायची आणि वस्तूचं काम बाईनं करायचं, असं असेल तर ते व्रत निम्मंच पाळलं जातं. अपरिग्रहाचा विचार फ्रीडनबाईंना कुणी सांगितला असता तर त्यांना तो बहुधा बाईला घरात ठेवायचा आणखी एक उपदेश वाटला असता, आणि त्यांच्या शंकेत तथ्य आहे. म्हणून तो उपदेश आधी बाजाराला आणि घरातल्या बाकीच्या माणसांना करावा, बाईला शेवटी.

मग हे पुस्तक वाचावं का? जरूर वाचावं. पहिलं प्रकरण सगळे वाचतात, तुम्ही नववं नक्की वाचा. वाचताना लेव्हिटटाऊनचं ते कलम आणि माँटगोमेरीच्या रस्त्यानं चालणाऱ्या बायका मनात असू द्या. आपल्या मुली-सुना आज पुण्यात, बंगळुरात, न्यू जर्सीत नोकऱ्या करतात. फ्रीडनबाईंनी सांगितलेला उपाय त्यांनी पुरा केला आहे. शिकल्या, कमावत्या झाल्या, घरात सगळी यंत्रं आहेत. तरी रात्री फोनवर त्यांचं वाक्य ठरलेलं असतं, "आई, वेळच मिळत नाही गं." पूर्वी मी त्यांना कामाचं नियोजन सांगत असे. आता विचारते, "घरात किती वस्तू आहेत, आणि त्यांचं काम कोण कोण करतं?" पहिल्या भागाचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्या भागाला जावई काय म्हणतात त्याची मी वाट बघते आहे.